बायबलमधलं गाव जमिनीवर शोधायचं कसं? बेथसैदा, लाखीश आणि इतर काही गावांच्या आधाराने

गालील समुद्राच्या उत्तर टोकाला, यार्देन नदी सरोवराला मिळते त्या परिसरात, दोन जागा एकाच नावावर हक्क सांगतात. एक एत-तेल: किनाऱ्यापासून साधारण दोन किलोमीटर आत असलेलं उंच टेकाड. दुसरी एल-अराज: सपाट, पाण्यालगत. पेत्र, अंद्रिया आणि फिलिप्प यांचं बेथसैदा (योहान १:४४) यातलं कोणतं, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. दोन्ही ठिकाणी अनेक वर्षं उत्खनन झालं आहे, दोन्हीकडे मातब्बर पुरातत्त्वज्ञ आहेत, तरीही वाद मिटलेला नाही.

शास्त्रवाचन करताना शेजारी नकाशा उघडून बसणाऱ्यांसाठी, पवित्र भूमीच्या सहलीची तयारी करणाऱ्यांसाठी आणि ज्यांना निव्वळ प्राचीन भूगोलाची ओढ आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. नकाशावर छापलेल्या ठिपक्यामागे काय काय उभं असतं, आणि ते आपण घरबसल्या कसं तपासू शकतो, ते पायरीपायरीने पाहू. संपूर्ण पद्धतीचा कणा एकच आहे: पुरावा एकटा असेल तर तो कितीही ठसठशीत असला तरी त्यावर गावाचं नाव ठरवायचं नाही. एकमेकांशी संबंध नसलेले साक्षीदार एकाच जागेकडे बोट दाखवू लागले, की मगच ओळख पटली असं मानायचं.

पायरी १: मजकुरातला प्रत्येक उल्लेख काढा

गावाचं नाव बायबलमध्ये जिथे जिथे येतं ती प्रत्येक ओवी वहीत उतरवा. मराठी बायबलच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत नावांचं लेखन थोडं बदलतं, म्हणून शब्दसूचीत दोन-तीन रूपं शोधा. प्रत्येक उल्लेखापुढे चार गोष्टी लिहा: शेजारी कोणती गावं आहेत, जमीन कशी आहे (डोंगर, मैदान, झरा, किनारा), कोणता प्रसंग घडला, आणि तो मजकूर कोणत्या काळाबद्दल बोलतो.

बेथसैदाची अशी नोंद केली की अडचणी लगेच वर येतात. मार्क ८ मध्ये त्याला खेडं म्हटलं आहे, तर लूक ९:१० मध्ये नगर. योहान १२:२१ मध्ये ते ‘गालीलातलं’ आहे, पण पहिल्या शतकातला इतिहासकार जोसिफस ते फिलिप्प या मांडलिक राजाच्या मुलखात, म्हणजे यार्देनच्या पूर्वेला ठेवतो. या विसंगतीमुळे काहींनी दोन बेथसैदा होती असंही सुचवलं. माझ्या मते त्याची गरज नाही. सरोवराच्या काठच्या लोकांनी कारभाराची हद्द न पाहता अख्ख्या किनाऱ्याला गालील म्हणावं, हे सहज शक्य आहे. विसंगती मात्र वहीत ठळक लिहून ठेवायची, ती पुसायची नाही.

गावांच्या याद्या वाचताना शेजार फार महत्त्वाचा. यहोशवाच्या १५व्या अध्यायात यहूदाची गावं गटागटाने दिली आहेत: तळवटीची, डोंगराळ मुलखातली, रानातली. दबीर हे गाव तिथे डोंगराळ मुलखाच्या गटात, अनाब आणि अश्तमोवा यांच्या शेजारी येतं. विल्यम ऑलब्राइट यांनी १९२६ ते १९३२ या काळात तेल बेत मिर्सिम हे टेकाड खणलं आणि तेच दबीर मानलं. उत्खनन इतकं उत्तम झालं की ती ओळखही अनेक वर्षं टिकली. पण ते टेकाड तळवटीच्या बाजूला पडतं. पुढे १९६८-६९ मध्ये मोशे कोखावी यांनी हेब्रोनच्या नैर्ऋत्येला डोंगरात खिर्बेत रबूद इथे काम केलं. शेजारची गावं जुळली, काळ जुळला, आणि शास्ते १:१५ मधल्या वरच्या आणि खालच्या झऱ्यांशी जुळतील अशा वरच्या-खालच्या विहिरीही तिथे आहेत. आज बहुतेक अभ्यासक दबीर म्हणून रबूदकडेच पाहतात. यादीतला गट नीट वाचला असता तर ही शंका आधीच आली असती.

पायरी २: बायबलबाहेरचे साक्षीदार बोलवा

कनानातल्या गावांची नावं इजिप्तमध्ये कर्नाकच्या मंदिराच्या भिंतींवर कोरलेली आहेत: तिसऱ्या थुतमोसची यादी आणि नंतर शोशेंक पहिला याची, जो बायबलमध्ये शीशक म्हणून येतो. १८८७ मध्ये इजिप्तमध्ये अमार्ना इथे सापडलेल्या मातीच्या पाट्या म्हणजे इ.स.पूर्व चौदाव्या शतकातला पत्रव्यवहार. त्यात लाखीश आणि गेजेरच्या सत्ताधाऱ्यांची पत्रं आहेत. पुढे संशोधकांनी या पाट्यांची माती सूक्ष्मदर्शकाखाली तपासली आणि ती कोणत्या भागातली आहे ते शोधलं. पत्र लिहिणारा नगराधिपती कुठे बसला होता, हे पत्राची मातीच सांगते. या सगळ्या विद्याशाखेत मला सर्वात विलक्षण वाटणारं काम हेच आहे.

अश्शूरच्या राजांचे वृत्तान्त, जोसिफसचे ग्रंथ आणि सर्वात उपयोगी म्हणजे कैसरियाचा बिशप युसेबियस याचा ‘ओनोमास्टिकॉन’ हा चौथ्या शतकाच्या सुरुवातीचा स्थळकोश. युसेबियस रोमन रस्त्यांवरच्या मैलांच्या दगडांनुसार अंतरं देतो. रोमन मैल म्हणजे साधारण १.४८ किलोमीटर, हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढे जेरोम या ख्रिस्ती विद्वानाने या कोशाचं लॅटिन भाषांतर केलं आणि काही भर घातली. सहाव्या शतकातला मादबाचा फरशीवरचा नकाशा आजच्या जॉर्डनमध्ये आहे, तोही पाहायला हवा.

इथे एक सावधगिरी. साक्षीदार मोजताना ते खरोखर वेगळे आहेत का ते पाहा. मादबाच्या नकाशातली कित्येक वाक्यं युसेबियसच्या कोशाशी जुळतात, आणि मध्ययुगीन यात्रेकरू आधीच्या यात्रेकरूंचंच सांगणं पुन्हा लिहितात. असे चार उल्लेख मिळाले तरी साक्ष एकच धरायची. शिवाय युसेबियस आपल्या काळी चालत असलेली समजूत सांगतो. तो ज्या नगरांबद्दल लिहितो त्यातली काही त्याच्या आधी हजार-दीड हजार वर्षांपूर्वीची होती.

पायरी ३: नावाचा माग काढा, पण त्याच्यावर विसंबू नका

१८३८ मध्ये एडवर्ड रॉबिन्सन हे अमेरिकन अभ्यासक आणि अरबी उत्तम जाणणारे मिशनरी एली स्मिथ यांनी पॅलेस्टाइनचा प्रवास केला. गावकऱ्यांना ते आजूबाजूच्या टेकड्यांची, ओढ्यांची, ओसाड जागांची नावं विचारत आणि ती इब्री नावांशी ताडून पाहत. काही आठवड्यांत त्यांनी जितक्या जागा ओळखल्या तितक्या आधीच्या कित्येक शतकांत कुणी ओळखल्या नव्हत्या. गिबोनचं एल-जीब, मिखमाशचं मुखमास, अनाथोथचं अनाता, शिलोचं सैलून. इब्रीतला ‘ग’ अरबीत ‘ज’ होतो, ‘श’चा बहुधा ‘स’ होतो. असे नियम ध्यानात ठेवले की अरबी नावाआड इब्री नाव दिसू लागतं. निव्वळ कानाला सारखं वाटतं म्हणून जुळवलेलं नाव मात्र सोडून द्या.

ही जुनी अरबी नावं शोधायला पॅलेस्टाइन एक्सप्लोरेशन फंडाचे नकाशे पाहा. कोंडर आणि किचनर यांच्या हाताखाली १८७१ ते १८७७ या काळात झालेल्या सर्वेक्षणातून एक इंचाला एक मैल या प्रमाणात २६ पत्रकं तयार झाली. त्यांत लहानसहान खिर्बे, विहिरी, ओढे यांची नावं आहेत, आणि ती पत्रकं आज इंटरनेटवर मोफत पाहता येतात. ‘खिर्बे’ म्हणजे ओसाड पडलेली वसाहत, ‘तेल’ म्हणजे टेकाड, ‘ऐन’ म्हणजे झरा. एवढं कळलं तरी नकाशा बोलायला लागतो.

आता नाव कसं फसवतं ते. गाव उठतं, लोक जवळपास दुसरीकडे वसतात आणि नाव सोबत नेतात. रॉबिन्सनने अकीर या खेड्याला एक्रोन मानलं. नाव खरोखरच एक्रोनचं होतं, पण पलिष्ट्यांचं ते मोठं नगर तिथून काही किलोमीटरवर तेल मिक्ने इथे निघालं. यरीहोचं तर तीन ठिकाणी बघावं लागतं: जुन्या कराराच्या काळातलं तेल एस-सुल्तान, हेरोदाच्या राजवाड्यांचं तुलूल अबू एल-अलायिक, आणि आजचं शहर.

आधुनिक इस्राएलच्या रस्त्यावरच्या पाटीला पुरावा मानू नका. १९५० च्या दशकात वसलेल्या किर्यात गातला गथाचं नाव मिळालं, कारण शेजारचं टेकाड गथ आहे असा समज होता. त्या टेकाडाच्या उत्खननात पलिष्टी महानगराला शोभेल असं काही मिळालं नाही. गथ म्हणून आज तेल एस-साफी मानलं जातं, जिथे १९९६ पासून आरेन माएर यांच्या नेतृत्वाखाली काम झालं. अश्दोद आणि बैर-शेबा इथे कोकणातून गेलेल्या बेने इस्राएल समाजाची मराठी बोलणारी घरं आहेत. त्यांच्याकडे जाणाऱ्या पाहुण्यांनी लक्षात ठेवावं की प्राचीन टेकाडं आजच्या शहराच्या मध्यभागी नाहीत. तेल अश्दोद आणि तेल शेवा बघायला शहराबाहेर जावं लागतं.

पायरी ४: जमीन वाचा

रॉबिन्सन एवढा चाणाक्ष, पण त्याला एक गोष्ट ठाऊक नव्हती: तेल म्हणजे वसाहतीवर वसाहत साचून तयार झालेलं टेकाड. असल्या टेकाडांपाशी जाऊनही त्याला तिथे नगर दिसलं नाही, कारण वर पडक्या भिंती नव्हत्या. नगर-नाशिककडे किंवा मराठवाड्यात जुन्या वसाहतीच्या टेकाडाला आपण पांढरी म्हणतो. तीच राखट, भुसभुशीत माती आणि तीच खापरं तिथल्या टेकाडांतही असतात.

उपग्रहचित्रात अशा टेकाडाचा माथा सपाट आणि बाजू उतरत्या दिसतात. जवळ बारमाही पाणी आहे का, पोटापुरती शेतजमीन आहे का, घाटवाट किंवा व्यापारी रस्ता पायथ्याशी जातो का, आणि मजकुरातल्या शेजारी गावांपासूनचं अंतर एका दिवसाच्या चालीत बसतं का, हे तपासा. १९६० च्या दशकातली कोरोना उपग्रहाची छायाचित्रं आता खुली आहेत. नंतरच्या रस्त्यांनी आणि वस्त्यांनी झाकलेल्या जागा त्यांत अजून मोकळ्या दिसतात.

पायरी ५: काळ जुळतो का?

नाव जुळलं, जागा जुळली, पण त्या काळात तिथे कुणी राहतच नव्हतं, असं झालं तर ओळख अडते. हे खापरं सांगतात. फ्लिंडर्स पेट्री यांनी १८९० मध्ये तेल एल-हेसी खणताना थराथरागणिक खापरं बदलतात आणि त्यावरून काळ ठरवता येतो हे दाखवून दिलं. त्या पायावर आज कांस्ययुग, लोहयुग, पर्शियन, ग्रीक, रोमन, बिझंटाइन अशी क्रमवारी उभी आहे.

सर्वात अवघड उदाहरण आय या नगराचं. यहोशवाच्या ८व्या अध्यायातलं आय म्हणजे बेथेलजवळचं एत-तेल, असं नाव आणि भूगोल दोन्ही सुचवतात. (बेथसैदाचं एत-तेल वेगळं. असली सारखी नावं पुष्कळ आहेत, गोंधळू नका.) ज्युडिथ मार्के-क्राउझ यांनी १९३३ ते १९३५ मध्ये आणि नंतर जोसेफ कॅलवे यांनी १९६० च्या दशकात तिथे उत्खनन केलं. पूर्व कांस्ययुगात तिथे मोठं तटबंदीचं नगर होतं. ते इ.स.पूर्व २४०० च्या सुमारास ओस पडलं आणि जवळपास बाराशे वर्षं टेकाड रिकामंच राहिलं. म्हणजे यहोशवाचा काळ कसाही धरला तरी तिथे जिंकायला नगर नव्हतं. काहींनी जवळच्या खिर्बेत एल-मकातीरसारख्या जागा सुचवल्या, काहींनी कथेच्या स्वरूपाबद्दल वेगळा विचार केला. श्रद्धावान वाचकाला हे वाचताना जड जातं, हे मला ठाऊक आहे. तरीही अशा वेळी ‘जागा अनिश्चित’ असं लिहिणं हाच ग्रंथाचा खरा आदर. ओढूनताणून जुळवलेला नकाशा पुढच्या उत्खननात कोसळतो आणि मग वाचकाचा विश्वासही डळमळतो.

खापरं मिळाली नाहीत याचा अर्थ वस्ती नव्हतीच, असंही लगेच म्हणू नका. टेकाडाचा किती भाग खणला, वरचे थर धुपून गेलेत का, आधीच्या लोकांचे दगड नंतरच्यांनी उचलून वापरले का, हे अहवालात पाहा.

पायरी ६: प्रसंगाशी ताडून पाहा – लाखीश

सगळ्या पायऱ्या एकत्र कशा येतात ते लाखीशमध्ये दिसतं, म्हणून इथे जरा थांबू. एकोणिसाव्या शतकात उम्म लाकिस नावाची एक ओसाड जागा केवळ नावावरून लाखीश म्हणून पुढे आली. पेट्रीला तिच्या जवळचं तेल एल-हेसी अधिक योग्य वाटलं, म्हणून त्याने ते खणलं. १९२९ मध्ये ऑलब्राइट यांनी तिसरंच टेकाड पुढे केलं: तेल एद-दुवैर. कारण साधं होतं. युसेबियसच्या म्हणण्याप्रमाणे लाखीश एलेउथेरोपोलिसपासून, म्हणजे आजच्या बेत गुव्रिनपासून, दक्षिणेकडे जाणाऱ्या वाटेवर सातव्या मैलाला होतं. हेसी त्या हिशेबात बसत नाही, ते फार पश्चिमेला आहे. दुवैर बसतं.

जेम्स स्टार्की यांनी १९३२ पासून दुवैर खणायला घेतलं. १९३५ मध्ये वेशीजवळच्या खोलीत शाईने लिहिलेली खापरं मिळाली, यहूदाच्या राज्याच्या अखेरच्या दिवसांतली पत्रं. त्यांतल्या चौथ्या पत्रात लिहिणारा म्हणतो की आम्ही लाखीशच्या अग्निसंकेतांवर नजर ठेवून आहोत, कारण अजेका दिसत नाही. यिर्मया ३४:७ मध्ये यहूदाच्या तटबंदी नगरांपैकी लाखीश आणि अजेका एवढीच उरली होती असं म्हटलं आहे, ते इथे आठवल्यावाचून राहत नाही.

दुसरा साक्षीदार हजार किलोमीटरवरून आला. अश्शूरचा राजा सन्हेरीब याने इ.स.पूर्व ७०१ मध्ये लाखीश घेतलं आणि निनवेच्या राजवाड्यात एका अख्ख्या दालनाच्या भिंतींवर त्या वेढ्याची शिल्पं कोरवली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत तटाला भिडवलेला उतार, त्यावरून चढणारी लाकडी यंत्रं, गोफणधारी, तिरंदाज आणि बाहेर नेले जाणारे कैदी दिसतात. डेव्हिड उसिश्किन यांनी १९७३ पासून केलेल्या उत्खननात टेकाडाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात तोच वेढ्याचा दगडी उतार, बाणांची टोकं, गोफणीचे गोटे आणि जळालेला थर मिळाला. लाखीशचा उतार सापडला तो ‘लाखीश’ असा शिलालेख मिळाला म्हणून नव्हे. मैलांचं अंतर, पत्रं, शिल्पं आणि राखेचा थर, हे चारही पुरावे एकमेकांना न विचारता एकाच टेकाडावर येऊन थांबले. ही ओळख म्हणूनच मला शिलालेखाच्या तोडीची वाटते.

गथाचंही तसंच. २ राजे १२:१७ मध्ये अरामाचा राजा हजाएल गथ घेतो, आणि तेल एस-साफीभोवती नवव्या शतकातला लांबलचक वेढ्याचा खंदक आणि नाशाचा थर मिळाला आहे.

पायरी ७: लेख सापडला तर तो कशावर आहे ते आधी पाहा

नाव कोरलेली वस्तू मिळाली की वाद संपला असं वाटतं. पण वस्तू हलते. यहूदात ‘राजाचे’ असा शिक्का मारलेल्या रांजणांच्या कानांवर हेब्रोन, जीफ, सोखो अशी नावं येतात. असे शेकडो कान लाखीशमध्ये मिळाले, म्हणून लाखीश हेब्रोन ठरत नाही.

एल-जीबमध्ये जेम्स प्रिचर्ड यांना १९५६ ते १९६२ दरम्यान ‘गिबोन’ नाव कोरलेले घागरींचे कान मोठ्या संख्येने मिळाले. एकटे कान असते तर शंका राहिली असती. पण तिथेच द्राक्षारस साठवण्याच्या कोरीव कोठ्या होत्या, २ शमुवेल २:१३ मधल्या गिबोनच्या तळ्याची आठवण करून देणारी खडकात खोदलेली, पायऱ्यांची प्रचंड गोल विहीर होती, आणि नावही टिकून होतं. म्हणून ती ओळख पक्की.

गेजेरचा लेख मात्र जागचा हलूच शकत नाही. शार्ल क्लेर्मों-गानो यांनी १८७१ मध्ये एका मध्ययुगीन अरबी इतिहासकाराच्या उल्लेखावरून तेल जेझर हे गेजेर असल्याचं मांडलं. १८७४ मध्ये टेकाडाच्या आसपासच्या खडकावर त्यांना ‘गेजेरची शीव’ असं इब्रीत कोरलेलं मिळालं. पुढे असे आणखी लेख मिळत गेले. तेल मिक्नेमध्ये १९९६ साली मंदिराच्या अवशेषांत सापडलेला एक्रोनचा शिलालेखही असाच मोलाचा. त्यात पादीचा मुलगा आखीश स्वतःला एक्रोनचा अधिपती म्हणवतो, आणि हे बापलेक अश्शूरच्या नोंदींतही आहेत.

पायरी ८: निर्णय लिहा, आणि त्याची पातळीही लिहा

मी तीन शब्द वापरते: पक्की, बहुधा, शक्य. गिबोन, गेजेर, एक्रोन, लाखीश: पक्की. दबीर म्हणजे रबूद: बहुधा. आयसाठी मी कोणतंच टेकाड ‘शक्य’च्या पुढे नेणार नाही.

मग बेथसैदा? एत-तेलवर १९८७ पासून रामी आराव यांच्या नेतृत्वाखाली काम झालं. तिथली लोहयुगातली वेस आणि तटबंदी भव्य आहे, आणि ते गशूर या सरोवराच्या पूर्वेकडच्या लहान प्राचीन राज्याचं मुख्य नगर असावं असं मानायला जागा आहे. मात्र फिलिप्पाने नगराचा दर्जा देऊन ‘ज्युलियास’ असं नाव ठेवलेलं ठिकाण म्हणावं, तर रोमन काळातले अवशेष तिथे तोकडे वाटतात. एल-अराजवर मोर्देखाय अवियाम आणि स्टीव्हन नॉटली यांच्या उत्खननात २०१६ पासून बिझंटाइन चर्च, त्याखालच्या थरांत रोमन वस्ती आणि स्नानगृहाचे अवशेष मिळाले. त्यामुळे पहिल्या शतकात ही जागा पाण्याखाली होती हा आक्षेप दुबळा झाला. २०२२ मध्ये चर्चच्या फरशीवर ‘स्वर्गीय प्रेषितांचा प्रमुख आणि सेनापती’ असा उल्लेख असलेला ग्रीक लेख उजेडात आला. तो पेत्राचाच उल्लेख, असं उत्खनन करणारे मानतात. आठव्या शतकातला यात्रेकरू विलिबाल्ड बेथसैदात पेत्र आणि अंद्रिया यांच्या घराच्या जागी चर्च असल्याचं सांगतो, ते याच्याशी जुळतं.

तरी हे ध्यानात ठेवा: चर्च आणि यात्रेकरू मिळून एवढंच सिद्ध करतात की बिझंटाइन काळातले ख्रिस्ती या जागेला बेथसैदा समजत होते. पहिल्या शतकाची साक्ष म्हणून वजन आहे ते रोमन थराचं आणि जोसिफसच्या वर्णनाचं. माझ्या वहीत ‘नव्या कराराच्या काळातलं बेथसैदा: एल-अराज, बहुधा’ अशी नोंद आहे, आणि तिच्याखाली ‘एत-तेल: त्याआधीचं नगर, शक्य’. एल-अराजला नाव कोरलेला लेख मिळाला तर ‘बहुधा’चं ‘पक्की’ होईल. एत-तेलवर पहिल्या शतकातली भरगच्च वस्ती निघाली तर दोन्ही नोंदी पुन्हा तपासाव्या लागतील. म्हणून प्रत्येक नोंदीपुढे तारीख घाला आणि उत्खननाचा नवा अहवाल आला की ती उघडून बघा.

प्रत्यक्ष तिथे जाणार असाल तर एक गोष्ट कटाक्षाने पाळा. खापर दिसलं तर फोटो काढा, पण उचलू नका. इस्राएलच्या १९७८ च्या पुरावस्तू कायद्यानुसार परवानगीशिवाय खणणं हा गुन्हा आहे, आणि जागेवरून हललेलं खापर अभ्यासकाच्या फारसं उपयोगाचं राहत नाही. फोटोसोबत फोनवरचे अक्षांश-रेखांश टिपून ठेवा. घरी आल्यावर जुन्या पत्रकावर तो ठिपका लावून पाहिला की त्या जागेचं अरबी नाव हाती लागतं, आणि पहिल्या पायरीची वही पुन्हा उघडता येते.